ओमदुर्मानची पेटी

राजेंद्र साळवे पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं होत आली होती. पहाडसिंगपुऱ्यात घर, गच्चीवर एक खोली, मुलगी लग्न होऊन नांदेडला. त्यांचा मावसभाऊ संघपाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होता. त्यानं ऑगस्टमध्ये त्या खोलीत राहायला एक विद्यार्थी पाठवला. "सुदानचा आहे, आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलाय. एम.एस्सी. करणार. पोरगा शांत आहे," एवढंच फोनवर सांगितलं. नाव सांगितलं नाही. मुद्दामच सांगितलं नव्हतं, असं तो पुढं हसत हसत कबूल करायचा.

परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकानं पोलिसांकडं त्याची नोंद करायची असते. ती ऑनलाइन भरायला साळवे आणि तो पोरगा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदारानं पासपोर्ट उघडला, टाइप करायला बोटं उचलली आणि थांबला.

"साळवे काका, आडनाव नंतर टाकू. आधी नाव सांगा."

"अरे, त्यात लिहिलंय तेच टाक ना."

"त्यात नेहरू लिहिलंय."

साळव्यांनी चष्मा कपाळावर चढवून पासपोर्ट डोळ्यांजवळ नेला. मग मागं उभ्या असलेल्या त्या उंच, सडपातळ पोराकडं पाहिलं. पोरगा हसला. हा प्रसंग त्याच्यावर दिल्लीच्या विमानतळापासून येत होता.

"नेहरू मेरा नाम, हसन वालिद का, इद्रीस दादा का," तो म्हणाला. "आडनाव हमारे उधर नक्को रहता."

ही हिंदी त्यानं पंधरा दिवसांत बेगमपुऱ्यातल्या दुकानदारांकडून उचलली होती.

साळव्यांनी आयुष्यभर लोकांची नावं लिहिली होती. पाणीपट्टीच्या यादीत, निवडणुकीच्या यादीत, पंचनाम्यात. नाव चुकलं की माणूस कागदावरून नाहीसा होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एखादं नाव माणसाकडं आलं कुठून, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. तो आता पडला.

घरी येऊन त्यांनी पोराला समोर बसवलं. "तुझं नाव असं कुणी ठेवलं?"

"दादाने."

"का पण?"

"उनका छोटा भाई था, उसका नाम नेहरू था. वो मर गया, तो मेरेकू दिया."

"आणि त्या भावाचं कुणी ठेवलं?"

पोरानं खांदे उडवले. ते त्याच्या आजोबांच्या वडिलांनी ठेवलं होतं. का ठेवलं, ते त्याला माहीत नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं नाव, विचारायचं काय त्यात?

"अहो, पोरगं जेवलंय का ते विचारा आधी," आतून त्यांच्या पत्नी संध्याबाई म्हणाल्या. "नावाचं काय घेऊन बसलात?"

पोरगा जेवला. ज्वारीची भाकरी त्यानं ओळखीची असल्यासारखी मोडली, कारण ज्वारी त्यांच्याकडंही पिकते. जेवताना त्यानं जे सांगितलं ते ऐकून संध्याबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दीड वर्षापासून त्याच्या देशात दोन सेनापती एकमेकांशी लढत होते. खार्तुममधलं त्याचं विद्यापीठ बंद पडलं होतं. नदीपलीकडं ओमदुर्मानला त्यांचं घर होतं. ते सोडून आजोबा, आई आणि दोन बहिणी समुद्रकाठच्या पोर्ट सुदानला एका शाळेच्या वर्गात राहत होते. वडील आधीच वारले होते.

"आजोबाशी बोलता येतं का?" साळव्यांनी विचारलं.

"नेटवर्क आया तो. जुम्मे को कोशिश करता मैं."

*

पहिला फोन लागला तो सप्टेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी. पोरगा जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत खाली आला आणि त्यानं मोबाइल साळव्यांच्या पुढं धरला. पडद्यावर पांढरा फेटा बांधलेला, एक्याऐंशी वर्षांचा माणूस दिसत होता. गालांवर त्यांच्या जमातीच्या रिवाजाच्या तीन तीन आडव्या जुन्या खुणा. मागं भिंतीवर फळा.

हातवारे, सलाम, आशीर्वाद झाले. नातू मध्ये बसून भाषांतर करू लागला. साळव्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. विचारलं, "तुमच्या भावाचं नाव नेहरू का ठेवलं होतं?"

म्हातारा मागं रेलला. असं कुणी विचारेल म्हणून तो कधीपासून वाट पाहत असावा, असा त्याचा चेहरा झाला. त्यानं हातांनी हवेत एक चौकोन काढला आणि एक शब्द उच्चारला. नातवानं तोंड उघडायच्या आत साळवे म्हणाले, "संदूक!"

म्हाताऱ्यानं डोळे मोठे केले. "सुंदूक," तो म्हणाला.

"आमच्यात पण संदूकच म्हणतात. पत्र्याच्या पेटीला."

म्हातारा खुश झाला. भराभर बोलू लागला. तो दहा वर्षांचा होता, त्यांच्या देशात पहिल्यांदाच मतदान होतं, त्याचा बाप मतदानाच्या ठिकाणी पेट्या उचलायच्या कामावर होता, आणि तिथं एक हिंदी माणूस आला होता. "हिंदी बोले तो हिंदुस्थान का," नातवानं समजावलं. "उस आदमी ने संदूक को..."

आणि पडदा गोठला. म्हातारा हात हवेत धरून तसाच राहिला. मग चित्रही गेलं.

पोरानं वीस वेळा फोन लावला. लागला नाही. त्या शुक्रवारी लागला नाही, पुढच्या शुक्रवारीही नाही. पोर्ट सुदानचं नेटवर्कच बसलंय, असं त्याचे इथले सुदानी मित्र सांगत होते. पोरगा प्रयोगशाळेतून आला की गच्चीत मोबाइल उंच धरून उभा राहायचा. संध्याबाई चहा वर पाठवायच्या. साळवेही वर जाऊन त्याच्या शेजारी उभे राहायचे. काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्यांना आणखी एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. त्या हिंदी माणसानं पेटीचं केलं काय?

*

"सुदानात त्रेपन्न साली मतदान? आणि आपला माणूस? काहीतरीच," म्हाताऱ्याच्या वयावरून हिशेब करून ते संघपालला म्हणाले. "आपलीच पहिली निवडणूक बावन्नला संपली की रे."

संघपालनं त्यांना ग्रंथालयात वाचनाच्या टेबलाशी बसवलं आणि जुन्या मासिकांचे दोन गठ्ठे आणून ठेवले. साळवे रोज अकराला जाऊ लागले. दोन वर्षांनी वेळेवर कुठंतरी जायचं होतं, याचंच त्यांना बरं वाटत होतं.

गोष्ट खरी निघाली. तेव्हा सुदानवर इंग्रज आणि इजिप्त अशा दोघांचा ताबा होता. त्यांनी एकमेकांवर विश्वास नाही म्हणून निवडणुकीला तिऱ्हाईत माणूस मागितला. दिल्लीनं आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना पाठवलं. इथली सतरा कोटी मतदारांची निवडणूक आटोपून वर्ष-दीड वर्षच झालं होतं.

"पाठवलं कुणी, ते समजून घे," संघपाल म्हणाला. "तेव्हा पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री एकच माणूस होता. आपल्याकडं ना पैसा, ना जहाजं, ना मोठी फौज. मग जगात पत कशी वाढवायची? ह्या गटात नाय, त्या गटात नाय, पण कुणाचं भांडण असलं की मधे उभं राहायला आपला माणूस मिळंल. कुठं निवडणूक अधिकारी, कुठं डॉक्टर, कुठं शांतिसेनेचे जवान. आणि ज्यांच्या देशात शाळा नाहीत त्यांच्या पोरांना इथं शिकायला जागा."

"म्हणजे आपल्या वरच्या खोलीतलं पोरगं..."

"तिथपासून चालत आलेलं."

हे साळव्यांनी संध्याकाळी काकासाहेब औताड्यांना सांगितलं. काकासाहेबांचं क्रांती चौकात विजेच्या सामानाचं दुकान. आता ते मुलगा बघतो आणि काकासाहेब रोज फिरून परतताना साळव्यांच्या ओट्यावर टेकतात. त्यांचं मत ठाम होतं.

"लई गोडवे गाऊ नका साळवे. सगळ्या जगाचा मामा व्हायला निघाले होते. बासष्टला चीन आला तेव्हा कोण आलं हो ह्यातलं धावून?"

बासष्टचं दुखणं खरंच होतं. साळवे म्हणाले, "काकासाहेब, ते रशिया-युक्रेनचं तुम्ही परवा काय म्हणत होता?"

"काय म्हणणार? बरं झालं आपण कुणाच्याच बाजूनं गेलो नाय. दोघांशी बोलतो आपण. तेल पण घेतो."

"मग ही खोड कुणी लावली?"

"छे छे! तो भाबडेपणा होता, ही हुशारी आहे. आत्ताच्या लोकांची."

"असंल," साळवे म्हणाले. त्यांना खरंच ठरवता येत नव्हतं. एकच गोष्ट एकानं केली तर भाबडेपणा आणि दुसऱ्यानं केली तर हुशारी, असं असू शकतं का? कदाचित असू शकतंही. त्या विचारात त्यांचा चहा निवून गेला.

*

ऑक्टोबर संपत आला तेव्हा फोन लागला. आधी आई बोलली, बहिणी बोलल्या, पोरगा रडला, आणि संध्याबाईंनी कॅमेऱ्यासमोर हात हलवून काहीही भाषा न येता त्याच्या आईला 'पोरगं नीट जेवतंय' हे समजावलं. मग आजोबा आले. वाळले होते. पण बसल्या बसल्या त्यांनी हवेत तोच चौकोन काढला, जणू मधे सहा आठवडे गेलेच नव्हते.

सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी, म्हातारा सांगू लागला, शाळेच्या अंगणात सगळे जमले. उमेदवारांची माणसं, शेख लोक, पोलीस. तो बापाचं बोट धरून उभा होता. टेबलामागं एक सावळा, चष्मा लावलेला माणूस होता. बाप म्हणाला, हा हिंदी आहे. सगळ्यांना वाटलं, आता हा हुकूम सोडणार. साहेब लोक तेच करायचे. पण त्यानं पेटीचं झाकण उघडलं, पेटी दोन्ही हातांनी उचलली, आणि...

"उलटी केली," साळवे म्हणाले.

नातवानं भाषांतर केलं.

"उलटी केली, हलवली, आणि सगळ्यांना आतून दाखवली. मग झाकण लावून दोरा बांधला आणि लाखेचं सील केलं. बरोबर?" साळवे पुढं सरकून बसले. "मी केलंय ते. एक्क्याण्णव साली कन्नड तालुक्यात, घाटाखालच्या शाळेत माझी पहिली ड्युटी होती. पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवल्याशिवाय पहिलं मत घ्यायचंच नाही. मशीन येईपर्यंत दर निवडणुकीला मी पेटी उलटी केली."

म्हाताऱ्यानं हात छातीवर ठेवला. बराच वेळ बोलला. नातू ऐकत राहिला आणि मग अडखळत सांगू लागला. ज्याच्या हातात सगळं आहे तोच आधी आपले हात रिकामे आहेत हे दाखवतो, हे त्याच्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन बायकोला तो खाटेवरची टोपली उलटी करून दाखवत होता. पुढं दीड वर्षानं बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद भरली. सुदान अजून स्वतंत्र नव्हता, त्याच्याकडं झेंडा नव्हता. तेव्हा नेहरूंनी आपल्या खिशातला पांढरा रुमाल काढला, त्यावर 'सुदान' लिहिलं आणि झेंड्याच्या जागी ठेवला, असं त्यांच्याकडं आजही सांगतात. त्याच महिन्यात म्हाताऱ्याला धाकटा भाऊ झाला. बापानं नाव ठेवायला कुणाला विचारलंसुद्धा नाही.

"मग पुढं?" साळव्यांनी विचारलं. "मतदान चालू राहिलं?"

"पाच वर्षांनी फौज आली. पुन्हा मतदान आलं, पुन्हा फौज आली. मी जेव्हा जेव्हा मत द्यायला गेलो तेव्हा पहाटे जायचो, पेटी उलटी करतात का बघायला. एकदा नाही केली. मी मत न देता घरी आलो."

मग म्हाताऱ्यानं आपला प्रश्न काढला. तो त्याला बरेच दिवस पडलेला होता. "तो माणूस जाऊन साठ वर्षं झाली. आता तुमच्याकडं त्याच्या विरोधातले लोक राज्य करतात, असं नातू सांगतो. मग माझ्या नातवाला शिष्यवृत्ती कुणी दिली?"

"त्यांनीच," साळवे म्हणाले.

"का?"

साळव्यांनी डोकं खाजवलं. "आमच्या हापिसात एक पद्धत होती. कालव्याला उन्हाळी पाणी सोडायच्या आधी शेवटच्या टोकाच्या गावाला निरोप द्यायचा. कुण्या जुन्या साहेबानं लावलेली. नंतर प्रत्येक नवा साहेब म्हणायचा, हे बंद करू. पण बंद करायला कारण लिहावं लागतं. अन् एक-दोन हंगाम गेले की त्याच्या लक्षात यायचं, ह्या पद्धतीमुळंच भांडणं होत नाहीत. मग तो तिला आपलं नाव द्यायचा आणि चालू ठेवायचा."

हे भाषांतर करताना नातवाची त्रेधा उडाली. पण म्हातारा शेवटी मान डोलावत हसला.

*

गोष्ट इथं संपली असती तर साळव्यांना शांत झोप लागली असती. पण त्यांना आता त्या चष्मेवाल्या माणसाचं नाव हवं होतं. मराठवाड्यातला असेल का? हैदराबाद संस्थानातला एखादा कारकून? अरबी येणारे लोक तेव्हा आपल्याकडं होतेच की. नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं, साळवे मत देऊन आले आणि बोटाची शाई वाळायच्या आत परत ग्रंथालयात जाऊन बसले.

त्यांना सापडलं ते वेगळंच होतं. सुदानच्या निवडणूक आयोगात सात जण होते. अध्यक्ष भारतीय, तिघं सुदानी, आणि इंग्रज, इजिप्शियन, अमेरिकी असा एकेक. साळव्यांनी चाळलेल्या सगळ्या पानांत भारतीय म्हणून अध्यक्षांखेरीज दुसरं नाव नव्हतं. केंद्रांवरचं काम तिथल्याच मास्तरांनी आणि कारकुनांनी केल्याचं दिसत होतं. आणि अध्यक्ष काय एका शाळेत पेटी उलटी करत बसणार होते?

"म्हणजे त्या अंगणातला माणूस हिंदी नसणार," ते घरी येऊन म्हणाले.

"मग?" संध्याबाई मेथी निवडत होत्या.

"मग म्हाताऱ्याला सांगावं लागंल."

"कशाला? सत्तर वर्षं जपलंय त्यानं ते. घर गेलं, गाव गेलं, तेवढं तरी ऱ्हाऊ द्या की."

साळवे दोन दिवस घुटमळले. संध्या चुकीचं बोलत नव्हती. पण ज्या माणसानं पेटी दाखवली नाही म्हणून मत न देता घर गाठलं, त्याच्यापासून एखादी गोष्ट झाकून ठेवणं त्यांना जमेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी आधी पोराला सांगितलं. पोरगा म्हणाला, "आपही बोलो. मैं सिर्फ तर्जुमा करता."

डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी आवाज स्वच्छ येत होता. साळव्यांनी जे सापडलं ते आणि जे सापडलं नाही ते, दोन्ही सांगितलं. "मी सगळे कागद पाहिलेले नाहीत. माझं चुकलंही असेल. पण मला वाटतं, तो माणूस आमचा नव्हता. तुमच्याच गावचा कुणी मास्तर असेल. पेटी दाखवायचा नियम तेवढा वरून आला असेल."

नातू बोलायचा थांबला. पडद्यावर म्हातारा हलत नव्हता. नेटवर्क गेलं की काय, असं साळव्यांना वाटलं. मग म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि ओठ हलवत काहीतरी आठवू लागला.

"तो फार बोलला नव्हता," शेवटी तो म्हणाला. "आणि जे बोलला ते आमच्यासारखंच बोलला. मी दहा वर्षांचा होतो. बाप म्हणाला हिंदी, मी मानलं." मग तो असा हसला की मागून त्याची सून दारात येऊन बघू लागली. नातवानं भाषांतर केलं. "दादा बोलते, फिर तो और अच्छा है. हमको भी आता था वो काम."

"आणि नाव?" साळव्यांनी घाबरत विचारलं.

"नाव राहू द्या. पाठवणाऱ्यानं पाठवलं, शिकणारा शिकला. पण आता मला त्या मास्तराचं नाव पाहिजे."

तो नातवाला अरबीत भराभर काही सांगू लागला. शाळा कोणत्या गल्लीत होती, शेजारी कोणती मशीद, त्या साली हेडमास्तर कोण होते, कुणाच्या घरी जुने फोटो असतील. नेहरूनं रसायनशास्त्राच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि उजवीकडून डावीकडं लिहायला सुरुवात केली. साळव्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी खुर्ची जवळ ओढून, चष्मा कपाळावर चढवून ते वाकून बघत राहिले.